महांतप्पाला टाइप करायला लावलं

आमच्या डेअरीत मीटिंग लागली की खुर्च्या कुणीबी मांडू दे, बोलणारा ठरलेला असायचा. महांतप्पा बिराजदार. साहेबांचं बोलून झालं, "कुणाला काही विचारायचंय का" असं साहेब म्हणले, की आमी सगळी महांतप्पाकडं बघायचो. आन् तो बघायला लावायचा. लगेच उठायचा न्हाय. आधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाला पुसायचा, मग सावकाश उठायचा. "मा. अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या कष्टकरी बंधू-भगिनींनो." आता मीटिंग कुठं, तर मुरूमच्या दूध शीतकरण केंद्राच्या मागच्या पत्र्याच्या शेडात. व्यासपीठ म्हणजे दोन टेबलं, आन् मान्यवर म्हणजे मॅनेजर आन् त्याच्या शेजारी ठेवलेला त्याचा डबा. पण महांतप्पाला त्याचं काय न्हाय. तो मुंबईला सभा असल्यासारखाच बोलायचा.

मी द्वारकाबाई. ह्याच डेअरीत कॅन धुते. धुते म्हणजे, आता धुवायचं मशीन आलंय, मी त्या मशीनला कॅन भरवते. महांतप्पा आन् मी एका गल्लीतले. मी त्याच्याहून थोरली, म्हणून तो मला अक्का म्हणतो, अहोजाहो करतो, आन् मी त्याला नावानं हाक मारते, साहेबापुढं सुद्धा. तो संकलन सुपरवायझर हाय. कुठल्या गावचं दूध कुठल्या गाडीत कधी चढायचं, हे इतकी वर्षं त्याच्या हातात. त्याची बायको महेश्वरी पण आमच्या डेअरीतच, लॅबला, दुधाचा फॅट काढते. सगळ्या डेअरीत नवराबायको दोघं कामाला असलेलं हे एकच जोडपं. रोज सकाळी एका मोटरसायकलवर यायची, ती मागं एका बाजूला पाय सोडून, मांडीवर दोघांत एक डबा. दुपारी शेडच्या मागं लिंबाखाली बसून तो डबा खायची. कडक भाकरी आन् शेंगाचटणी. तो बोलायचा, ती ऐकायची आन् भाकरी मोडून त्याच्या हातात द्यायची.

खरं सांगू का, माझ्या डोळ्यात ते सलायचं. माझा नवरा पुण्याला वॉचमन हाय. पोळ्याला आन् दिवाळीला फोन करतो, यायचं नाव काढत न्हाय. एकटीनं डबा उघडायचा आन् समोर असं जोडपं बसलेलं, घास उतरतो व्हय खाली? तवा मी जळते का, तर जळते. लपवून काय करू. पण मी जळले ती आपल्या जागेवर बसून जळले. महांतप्पा जळला तो सगळ्या उमरग्यानं बघितला.

आन् हे बी सांगते, तो वाईट माणूस न्हाय. वाफेनं माझा हात भाजला तवा मॅनेजर सुट्टी देत नव्हता. महांतप्पा तासभर बोलला. त्यातली पाच मिनटं माझ्याबद्दल व्हती, बाकीची देशाबद्दल, पण सुट्टी मिळाली. आमच्या पायात रबरी बूट आले ते त्याच्या तोंडामुळं. डेअरीत कुणाचं काय अडलं की लोक म्हणायचे, "अण्णाला सांगा, अण्णा बोलंल." त्या एका वाक्यावर तो माणूस जगत व्हता.

मग आमचा दूध संघ मोठ्या संघात विलीन व्हायचं ठरलं. कुणी म्हणे मुरूमचं केंद्र बंद व्हणार, सगळं उमरग्याच्या प्लांटात नेणार. कुणी म्हणे निम्मी माणसं घरी बसणार. गाड्यांचं ॲप आधीच आलं व्हतं, कुठली गाडी कुठं जाणार ते आता मोबाईलच सांगायचा, महांतप्पाला नुसतं बघत बसायचं. तेवढ्यात नोटीस लागली: तीन शनिवार कर्मचाऱ्यांची कार्यशाळा, उमरग्याला, मंगल कार्यालयात. महांतप्पानं ती नोटीस उभ्या उभ्या दोनदा वाचली आन् पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. मला म्हणला, "अक्का, आता खरं बोलायची वेळ आली बघा. मोठ्या संघाचे मोठे साहेब येणार हायत. आपलं सगळं मांडतो त्यांच्यापुढं."

पहिल्या शनिवारी कार्यालयात पाय टाकला आन् महांतप्पा दारातच थबकला. व्यासपीठच न्हाय. गोल टेबलं, लग्नातल्या पंगतीला असतात तसली, आन् भिंतीवर मोठा पडदा. सोलापूरहून एक मॅडम आल्या व्हत्या, शिवांजली मॅडम. तरणी पोरगी, कानाला माइक लावलेला, एका जागी उभी म्हणून ऱ्हायली न्हाय. पडद्यावर चौकोनी नक्षी आली, ती मोबाईलनं स्कॅन करायची. आमचा टँकर ड्रायव्हर बिरू उठून म्हणला, "मॅडम, स्कॅन केलं की पैसे जातात. मागं माझ्या मेव्हण्याचे गेले." झालं. निम्म्या हॉलनं मोबाईल खिशात घातला. त्या बिचारीचा लई वेळ आमची समजूत काढण्यातच गेला. शेवटी तिनं सोताच्या मोबाईलवर करून दाखवलं, पैसे गेले न्हायत हे बिरूनं डोळ्यांनी बघितलं, मग आमी स्कॅन केलं.

मॅडम म्हणल्या, "आता तुमच्या मोबाईलवर एक चौकट आली असेल. त्यात मनातलं लिहायचं. नाव येत नाही. कुणी लिहिलं ते मला कळणार नाही आणि साहेबांनाही कळणार नाही. प्रश्न असा: या बदलाबद्दल तुमच्या मनात सगळ्यात मोठी काळजी कोणती?"

महांतप्पानं चष्मा पुसला आन् उठला. "मा. अध्यक्ष महोदय..."

"सर, बसा ना," मॅडम गोड हसून म्हणल्या. "आज बोलायचं नाही. आज सगळ्यांनी टाइप करायचं."

मी त्याचं तोंड बघितलं. भर पंगतीत वाढपी आपलं ताट सोडून पुढं गेला की माणसाचं जसं व्हतं तसं. बसला. मोबाईल नाकापाशी धरून एका बोटानं टाइप करायला लागला. तोवर पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्या पडायला सुरुवात झाली. "बदली लांब नको." "कॅन्टीन पाहिजे." "रात्रपाळीला बायकांना गाडी द्या." ज्याला जी चिठ्ठी पटंल तिच्यावर बोट दाबायचं, की तिथं पत्त्यातल्यासारखा एक बदाम यायचा. आन् मग एक चिठ्ठी आली: "मा. अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या कष्टकरी बंधू-भगिनींनो, मी आज आपणासमोर". पुढं काय न्हाय. चौकटीत अक्षरं तेवढीच मावत व्हती, ती नमस्कारातच संपली. कुणी लिहिलं ते कळणार न्हाय म्हणं. अख्खा हॉल महांतप्पाकडं बघून हसला.

ते हसू चालू असतानाच दुसरी एक चिठ्ठी पडली. "आमाला काढणार हाय का ठेवणार हाय तेवढं आधी सांगा. मग खेळ खेळू."

 जे सगळ्यांच्या पोटात व्हतं ते कुणीतरी पडद्यावर ठेवलं व्हतं. आन् मग बदाम चढायला लागले. उतू येणाऱ्या दुधासारखे चढले. म्या बी दाबलं. मोठे साहेब मागच्या खुर्चीत बसलेले, त्यांनी हाताची घडी सोडली. मॅडमनी पुढचा खेळ बंद केला आन् म्हणल्या, "याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पुढच्या शनिवारी साहेब देतील." महांतप्पाच्या चिठ्ठीवर एक बदाम व्हता. एकच.

परत येताना गाडीत त्यानं एकेकाला धरलं. "कुणी लिहिली ती चिठ्ठी? लपून लिहायला काय जातंय? समोर उभं ऱ्हाऊन बोल म्हणावं." कुणी कबूल व्हईना. बिरू गाडी चालवता चालवता म्हणला, "अण्णा, समोर तुमी इतकी वर्षं बोललाच की. साहेबाचा जेवायचा टाइम झाला की ते उठून जायचे. आज बघा, कसा जागेवर बसून ऱ्हायला." महांतप्पा त्याच्यावर असा खेकसला की बिरूनं उगाचच हॉर्न वाजवला. महेश्वरी खिडकीपाशी पदर घेऊन बाहेर बघत बसली व्हती.

सोमवारी महेश्वरी टमटममधनं उतरली. एकटी. हातात डबा निराळा. मी मशीन बंद केलं आन् तिला विचारलं, काय झालं गं?

"अक्का, ती चिठ्ठी मी लिहिली व्हती," ती म्हणली. "घरी गेल्यावर ह्यांना सांगितलं. मला वाटलं खूश व्हतील. धीट बोलायचं त्यांच्याकडनंच तर शिकले मी. तर जेवता जेवता थांबले. ताट सरकवलं. म्हणले, माझ्या चिठ्ठीला एक बदाम आन् तुझ्या चिठ्ठीला गावाचे." तिनं पदरानं नाक पुसलं. "तो एक बी मीच दिल्ता, अक्का."

मला वाईट वाटायला पाहिजे व्हतं. वाटलं बी, नंतर. पण आधी त्या दुपारी लिंबाखाली ती एकटी बसलेली बघून माझा जीव थंडावला. मी माझा डबा घेऊन तिच्यापाशी जाऊन बसले आन् पोटभर जेवले. असंच हाय मन, त्याला मी काय करू.

तो आठवडा महांतप्पानं तिला टोचून टोचून खाल्लं. लॅबच्या दारात ड्रायव्हरांपुढं म्हणायचा, "काय पुढारीणबाई, आज किती फॅट लागला?" तिनं काढलेला फॅट पुन्हा काढायला लावायचा. पुन्हा तेवढाच आला की मशीनला नावं ठेवायचा. मोटरसायकल तिच्यासमोरनं जोरात काढून न्यायचा आन् ती टमटमची वाट बघत फाट्यावर उभी. आन् दुसरीकडं काय करायचा, तर केबिनमध्ये बसून मोबाईलवर चिठ्ठ्या लिहायचा. छोट्या. लिहायचा आन् पुसायचा. एकदा मला बोलावून मोबाईल पुढं केला. "कामगार हाच संघाचा कणा आहे," असं लिहिलं व्हतं.

"अक्का, ह्याला बदाम पडतील का हो?"

"पडतील की," म्या म्हणलं. काय सांगणार? एवढा बापईगडी, पोरासारखा तोंडाकडं बघत व्हता.

"तिला कशी जमली मग?" तो म्हणला. "ती कधी चार माणसांत बोलली न्हाय. मीटिंगला तोंड उघडलं न्हाय तिनं. घसा माझा बसला इतकी वर्षं. आन् लोकांच्या मनातलं तिला कळलं?"

"तू बोलत व्हतास तवा ती लोकांकडं बघत व्हती, म्हणून कळलं," असं माझ्या ओठावर आलं व्हतं. पण गिळलं. एवढी बी मी तिच्या बाजूची नव्हते.

दुसऱ्या शनिवारी मोठे साहेब सोताहून पुढं आले. मॅडमनी ती चिठ्ठी पडद्यावर मोठी करून लावली. साहेब म्हणले, "ज्यानं हा प्रश्न विचारला त्यानं बरोबर केलं. आधी हेच सांगायला हवं होतं. कुणालाही काढणार नाही. पण मुरूमची काही कामं उमरग्याला येतील, काही जणांना इथं यावं लागेल. कोण येणार, कोण राहणार हे ठरवायला एक समिती होईल आणि तिच्यात तुमच्यातलं एक माणूस असेल. ते तुम्हीच पुढच्या शनिवारी निवडायचं." हॉलनं टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई तर रडायलाच लागली. लोकांचा जीव भांड्यात पडला व्हता.

त्या टाळ्या कुणासाठी व्हत्या ते महांतप्पाला बरोबर कळलं. उठला. ह्या वेळी चष्मा बी पुसला न्हाय.

"साहेब, ती चिठ्ठी माझ्या मिसेसची आहे," तो म्हणला. "टाइप तिनं केली, पण शब्द माझे. मीच तिला लिही म्हणून सांगितलं."

 आरं मूर्खा, नाव येत न्हाय म्हणून तर लिहिलं व्हतं तिनं. उद्या बदल्यांची यादी निघाली आन् पहिलंच नाव महेश्वरीचं आलं तर? नव्या साहेबांची अजून ओळख न्हाय, मनात काय हाय ते म्हाईत न्हाय, आन् हा सोताच्या बायकोला बोट धरून त्यांच्यापुढं उभी करतोय. मॅडमचा चेहरा उतरला. "सर, नाव सांगायचं नव्हतं," एवढंच म्हणल्या.

साहेबांनी महेश्वरीकडं बघितलं. "खरं का, ताई? शब्द यांचे?"

तिनं मान वर केली न्हाय. "व्हय साहेब," म्हणली.

महांतप्पा बसला. छाती पुढं काढून बसला. पण टाळी एक वाजली न्हाय. बिरू आमच्या टेबलावर हळूच म्हणला, हळूच म्हणजे तीन टेबलांना ऐकू जाईल असं, "शब्द अण्णांचे असते तर चिठ्ठी अजून चालूच असती." मॅडम सुद्धा हसल्या. महांतप्पाचे कान लाल झाले.

आन् मग उलटंच झालं. नाव त्यानं फोडलं, गाव तिच्याकडं वळलं. सोमवारपासनं ड्रायव्हर लोक लॅबच्या खिडकीशी थांबायला लागले. "वैनी, आमचं तेवढं विचारा." "वैनी, मला उमरग्याला टाकतील का वो?" वैनी म्हणजे महेश्वरी. ती कुणाला काय आश्वासन द्यायची न्हाय, नुसतं ऐकायची. महांतप्पा समोरच्या केबिनमधनं ते बघायचा. माणूस आतनं किती जळतो ते त्याच्याकडं बघून कळायचं. चहा घेऊन गेलं तर गार व्हईपर्यंत तसाच. एकदा मला म्हणला, "अक्का, आधी ह्या खिडकीला कोण यायचं?"

"तुझ्याकडं यायचे," म्या म्हणलं.

"गाड्या आता मोबाईल लावतोय," तो म्हणला. "माझ्याकडं बोलणं तेवढं ऱ्हायलंय. त्या समितीत मी बसलो न्हाय तर ह्या डेअरीत मी कोण? सांगा तुमी. महेश्वरीचा नवरा?" आन् ते 'महेश्वरीचा नवरा' त्यानं असं म्हणलं की कुणाला शिवी देतोय असं वाटलं.

मग त्यानं फोनाफोनी सुरू केली. आलूरच्या, केसरजवळग्याच्या सेंटरवाल्यांना, ड्रायव्हरांना, पॅकिंगच्या पोरींना. "शनिवारी निवड हाय. आपल्या माणसाला विसरू नका." सगळे व्हय अण्णा, व्हय अण्णा म्हणायचे. तिकडं महेश्वरी बी लोकांना हात जोडत व्हती, पण निराळ्यासाठी. "मला देऊ नका. ह्यांनाच द्या. त्यांना बोलता येतं, मला येत न्हाय." माझ्यापाशी आली तवा मी तिला म्हणलं, तुझं डोकं फिरलंय का? भर हॉलात तुला उघडं पाडलं त्यानं, तुझे शब्द बी सोताचे म्हणून सांगितले, आन् तू त्याच्यासाठी मतं मागत फिरतीस?

"जेवत न्हायत वो नीट, अक्का," ती म्हणली. "समिती मिळाली की निवळतील."

 असं कुणी आपल्यासाठी हात जोडत फिरावं म्हणजे माणसानं काय पुण्य केलेलं असतं? आन् ज्याच्यासाठी फिरतीय त्याला तिचं तोंड बघवत न्हाय. मला त्या दोघांचा बी राग आला.

तिसऱ्या शनिवारी मी मुद्दाम महांतप्पाच्या मागं बसले. महेश्वरी बायकांच्या टेबलावर, पलीकडं. मॅडम म्हणल्या, "ज्यांना समितीत पाठवायचं त्यांचं नाव टाइप करा. एका मोबाईलवरून एकदाच जाईल, म्हणून नीट बघून पाठवा. जास्त जणांनी लिहिलेलं नाव पडद्यावर मोठं दिसेल."

मी महेश्वरीचं नाव लिहिलं. जळत असले तरी मत मी तिलाच दिलं, ते निराळं खातं हाय. पाठवलं आन् पुढं बघितलं. महांतप्पाचा मोबाईल माझ्या डोळ्यासमोरच व्हता, मोठी अक्षरं करून घेतलेली. एका बोटानं तो टाइप करत व्हता. म. हे. श्व. री.  म्हणलं, आलं म्हणायचं डोकं ठिकाणावर. तो त्या नावाकडं बघत ऱ्हायला. चांगला बघत ऱ्हायला. मग एकेक अक्षर पुसलं, 'म' तेवढा ठेवला आन् त्याचंच महांतप्पा केलं. पाठवलं आन् मोबाईल मांडीवर पालथा घातला.

पडद्यावर नावं यायला लागली. महेश्वरी. बघता बघता ते नाव फुगलं, पडदा भरला. कुणी महेश्वरी वैनी लिहिलेलं, कुणी महेश्वरीताई, मॅडमनी ते सगळं एकत्र केलं. आजूबाजूला बारीक बारीक नावं. कुणीतरी चेष्टेनं बिरू लिहिलं व्हतं. एकानं "कुणीबी चालंल". खाली बारकं महांतप्पा, एकाच मताचं. व्हय अण्णा म्हणणारे सगळे कुठं गेले देव जाणे. आन् अगदी कोपऱ्यात, त्याच्याएवढंच बारकं, "आमचे हे".

"हे 'आमचे हे' म्हणजे कोण?" मॅडमनी विचारलं. "नाव लिहायचं होतं ना?"

हॉल फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, बिरू टेबलावर थापा मारायला लागला. सोलापूरच्या पोरीला काय कळणार? आमच्याकडं अजून लई बायका नवऱ्याचं नाव घेत न्हायत. महेश्वरी तर घरात न्हाय की दारात न्हाय. तोंडानं घेत न्हाय ते बोटानं तरी कसं लिहिणार? आन् नवरा ह्या हॉलात असलेली बाई एकच. सगळे तिच्याकडं बघत व्हते. तिनं मान इतकी खाली घातलेली की नुसती भांगाची रेघ दिसत व्हती. महांतप्पा बी तिच्याकडं बघत व्हता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं मला.

मॅडम म्हणल्या, "बरं, हे नाव नाही, तर मला ते बाद धरावं लागेल."

आन् त्या बिरूच्या जिभेला हाड न्हाय. हसता हसता म्हणला, "वैनीचं मत 'आमचे हे'ला. मग ते खालचं महांतप्पा कुणी लिहिलं?"

 हसू एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर थांबत गेलं. लोकांना हिशोब लागला. एकेक मान महांतप्पाकडं वळली. तो खाली मांडीवरच्या पालथ्या मोबाईलकडं बघत व्हता. मानेवरनं घामाची धार कॉलरात उतरलेली मला मागनं दिसली. सोताच्या हातानं सोताला एक मत, आन् बायकोनं लाजत लाजत दिलेलं दुसरं, ते बी बाद. मला वाटलं आता हा उठून जातो, आन् गेला की परत डेअरीत येत न्हाय.

महेश्वरी उठली.

"मॅडम, ते खालचं बी मीच लिहिलंय," ती म्हणली. मॅडमनी तिच्यापुढं माइक धरला तसा आवाज हॉलभर झाला. ती दचकली, पण थांबली न्हाय. "आधी ते लिहिलं. मग लाज वाटली म्हणून दुसरं लिहिलं. दोन्ही गेली."

"कुठलं नाव?" मॅडमनी विचारलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

महेश्वरीनं माइकाकडं बघितलं. पदर सावरला. "महांतप्पा," म्हणली. स्पष्ट. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा, आन् ते बी चार गावच्या माणसांपुढं.

मॅडमनी तोंड उघडलं. एका मोबाईलवरनं एकच जातं, हे त्यांनीच तर सांगितलं व्हतं. त्यांनी महेश्वरीकडं बघितलं, मग महांतप्पाकडं, आन् उघडलेलं तोंड मिटलं. पडद्याकडं बघत म्हणल्या, "असं होय. मग सरांनी तुम्हालाच मत दिलेलं दिसतंय."

"व्हय," महेश्वरी म्हणली. "मलाच दिलंय त्यांनी."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी न्हाय, महांतप्पासाठी. बायकोला मत देणाऱ्या नवऱ्यासाठी. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. साहेब सुद्धा त्याच्याकडं बघून मान हलवून हसले. मॅडमनी त्याच्यापुढं माइक धरला, "सर, दोन शब्द." इतकी वर्षं ज्याच्यासाठी तो चष्मा पुसत उठायचा ते हेच. त्यानं माइक हातात घेतला. ओठ हलवले. मग तसाच परत दिला.

नंतर बाहेर जेवणं चालली व्हती. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. महेश्वरीभवती बायकांचा गराडा. कुणी तिला नाव घ्यायला लावत व्हतं, "आता उखाण्यात घे की," आन् ती लाजून हसत व्हती. महांतप्पा कार्यालयाच्या मागच्या पायरीवर बसला व्हता. मी माझं ताट घेऊन त्याच्या शेजारी टेकले. त्याला चांगलं झाडायचं म्हणूनच गेले व्हते.

"अक्का," तोच आधी म्हणला, "तुमी माझ्या मागं बसला व्हता."

"व्हय."

"बघितलं तुमी?"

"सगळं बघितलं. तिचं लिहिलेलं बी आन् पुसलेलं बी."

त्यानं चष्मा काढून हातात धरला. मग बारीक आवाजात म्हणला, "तिला सांगू नका."

"तिला म्हाईत हाय, महांतप्पा," म्या म्हणलं. "म्हाईत हाय म्हणून तर उठली ती."

त्यानं तिकडं बघितलं. ती बायकांत उभी ऱ्हाऊन हातानं न्हाय न्हाय करत व्हती, आन् सगळ्याजणी तिचा दंड धरून हसत व्हत्या. मला वाटलं आता ह्याच्या डोळ्यात पाणी येतंय. आलं बी. पण तो म्हणला, "तिनं मला हरवलं असतं तर मी भांडलो असतो, अक्का. मोठी झाली, एकवेळ ते बी सोसलं असतं. पण माझ्यासाठी खोटं बोलायला लागावं तिला, एवढी मोठी झाली ती. हे मला सोसत न्हाय." आन् त्यानं तिच्याकडं पाठ केली आन् पायरीवर दुसरीकडं तोंड करून बसला.